जुन्या जीपची यात्रा आणि ईर्यासमिती



नागभीड, ब्रह्मपुरी, वडसा, सिंदेवाही, मूल या पट्ट्यातील व्यापारी घराण्यांच्या गोदामात किंवा राइस मिलच्या आवारात अजूनही एखादी जुनी महिंद्रा जीप ताडपत्रीखाली उभी आढळते. २६ ऑगस्ट १९८२ रोजी गडचिरोली हा स्वतंत्र जिल्हा झाला. तोवर हा सारा मुलूख एकाच चंद्रपूर जिल्ह्यात होता. नाले, चिखल आणि जंगलवाटा ओलांडून धानाच्या खरेदीला व आठवडी बाजारांना जाण्यासाठी फोर व्हील गिअरची जीप हे आपल्या वाडवडिलांचे भरवशाचे साधन होते. आता रस्ते डांबरी झाले, नवी वाहने आली आणि जीप कोपऱ्यात गेली.

अलीकडे मात्र घरोघरची तरुण मंडळी त्या ताडपत्र्या बाजूला सारू लागली आहेत. परिचयातील एका धान-व्यापारी कुटुंबात सध्या हाच विषय आहे. आजोबांनी घेतलेली डिझेल जीप पंचवीस वर्षांपुढे गेलेली. नातवाला ती घेऊन श्री सम्मेदशिखरजीला जायचे आहे. वडील म्हणतात, भंगारात द्या. आणि ऐंशीच्या घरातील आजीबाई म्हणतात, ‘त्यांची जीप शिखरजीला जात असेल, तर मीही तिच्यातच बसून येणार.’ तिघेही आपापल्या जागी प्रामाणिक आहेत. म्हणूनच या प्रश्नाचा शांतपणे विचार व्हावयास हवा.

प्रथम हिशेब पाहू. आयकराच्या नियमांनुसार मोटारीवर सर्वसाधारणपणे १५ टक्के दराने, उरलेल्या किमतीवर घसारा धरला जातो. समजा, वाहन चार लाखांना घेतले. तर वीस वर्षांनी वहीत त्याची किंमत सुमारे साडेपंधरा हजार रुपये उरते. ही झाली वहीतील किंमत. वाहनाची खरी योग्यता तिच्यातून कळत नाही. बँकेत वाहनतारणाची प्रकरणे पाहताना एक गोष्ट वारंवार प्रत्ययास येई: पाच वर्षांचे दुर्लक्षित वाहन पंचवीस वर्षांच्या निगराणीतील वाहनापेक्षा अधिक धोक्याचे असू शकते. प्रश्न वयाचा थोडा आणि निगेचा फार असतो.

याचे जगप्रसिद्ध उदाहरण आहे. सप्टेंबर १९५५ मध्ये ऑक्सफर्ड व केंब्रिज विद्यापीठांचे सहा तरुण दोन लँड रोव्हर गाड्या घेऊन लंडनहून निघाले आणि भारतातून पुढे जात मार्च १९५६ मध्ये सिंगापूरला पोहोचले. त्यांतील ‘ऑक्सफर्ड’ नावाची गाडी पुढे सेंट हेलेना बेटावर नादुरुस्त होऊन पडली होती. ती इंग्लंडला आणून पुन्हा उभी करण्यात आली आणि २०१९ मध्ये, चौसष्ट वर्षांची असताना, सिंगापूरहून लंडनपर्यंत चालत गेली. मूळ प्रवासातील टिम स्लेसर हे सत्त्याऐंशी वर्षांचे गृहस्थही या वेळी जाणार होते. परंतु ऐन निघण्याच्या वेळी प्रकृतीने साथ न दिल्याने त्यांना थांबावे लागले आणि त्यांचा नातू नॅट जॉर्ज त्यांच्या जागी गेला. गाडी दुरुस्त करता येते, तसे शरीराचे होत नाही. म्हणून वयोवृद्धांच्या बाबतीत निर्णय वेगळा घ्यावा लागतो, हे या घटनेतून घ्यावयाचे.

आता आपल्या जीपकडे वळू. १९४५ साली स्थापन झालेल्या महिंद्रा कंपनीने १९४७ पासून अमेरिकेतील विलीज जीपची जुळणी मुंबईत आरंभिली. आपल्याकडील बहुतेक जुन्या जीप त्याच घराण्यातील. यांची रचना साधी. जुन्या डिझेल इंजिनाचा पंप यांत्रिक असल्याने बॅटरी उतरली तरी चार माणसांच्या धक्क्याने इंजिन चालू होते आणि गावातील मेकॅनिकलाही ते उघडता येते. मात्र डिझेल संपू देऊ नये. नळीत हवा शिरली की ती हातपंपाने काढावी लागते, आणि हे काम निघण्यापूर्वीच शिकून घ्यावे.

निघण्याच्या महिनाभर आधी तपासणी करावी. टायरवर चार आकडी शिक्का असतो. त्यातील पहिले दोन आकडे आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. ‘२३१९’ म्हणजे २०१९ सालचा तेविसावा आठवडा. गोदामात उभ्या गाडीच्या टायरची नक्षी शाबूत दिसते, पण रबर कडक झालेले असते. असे टायर लांबच्या वाटेवर नेऊ नयेत. ब्रेकचे तेल, रबरी नळ्या, रेडिएटरचे पाइप व पंख्याचा पट्टा नवे घालावेत. पाटे, त्यांचे बोल्ट, चाकांचे बेअरिंग आणि प्रोपेलर शाफ्टचे क्रॉस पाहून ग्रीस भरावे. मग दोनशे किलोमीटरची चाचणी फेरी करावी. नागभीडकरांना त्यासाठी भद्रावतीच्या श्री केशरिया पार्श्वनाथ तीर्थाचे दर्शन सोयीचे. जे बिघडायचे ते तेथवर बिघडावे; तेथून घर जवळ आहे.

कागदपत्रेही पाहावीत. खासगी वाहनाची नोंदणी १५ वर्षांनी संपते. पुढे तपासणी होऊन ५-५ वर्षांसाठी नूतनीकरण होते. मोटारीसाठी हे शुल्क १ एप्रिल २०२२ पासून ५,००० रुपये झाले आणि अधिक जुन्या वाहनांसाठी त्यानंतर आणखी वाढले. पर्यावरण कर वेगळा. पाच वर्षांपुढील वाहनाची विमामूल्ये कंपनी व मालक यांच्या सहमतीने ठरतात, म्हणून केवळ तृतीय पक्ष विम्यावर न थांबता विचारणा करावी. पुढे कधी हस्तिनापूरचा बेत असल्यास ध्यानात ठेवावे की, ते राष्ट्रीय राजधानी क्षेत्रात येते आणि तेथे दहा वर्षांपुढील डिझेल वाहनांवर न्यायालयीन आदेशांनी निर्बंध आले आहेत. हे नियम बदलत राहतात. निघण्यापूर्वी त्या वेळचा नियम पाहावा.

मार्ग असा आखता येतो. नागभीडहून ब्रह्मपुरी, वैनगंगा ओलांडून वडसा, अर्जुनी मोरगाव, नवेगावबांध, कोहमारा, देवरी आणि पहिला मुक्काम डोंगरगड. तेथील चंद्रगिरी तीर्थावर १८ फेब्रुवारी २०२४ रोजी आचार्यश्री विद्यासागरजी महाराजांची समाधी झाली. पुढे रायपूरमार्गे बिलासपूर, तेथून अंबिकापूर, मग जशपूरवरून गुमला, आणि पाचव्या दिवशी रांची, रामगड, डुमरी करीत मधुबन. अंतर अकराशे ते बाराशे किलोमीटर. रोजचे दोनशे ते अडीचशे. लिटरला दहा-अकरा किलोमीटर धरल्यास एका बाजूला सुमारे ११० लिटर डिझेल. ताशी ५०-६० च्या वर जाण्याचा मोह नसावा. डांबरी, कोरड्या रस्त्यावर फोर व्हील गिअर घालू नये. पुढची व मागची चाके वळणावर सारखी फिरत नसल्याने साऱ्या यंत्रणेवर ताण येतो. पाण्यातून गाडी काढल्यावर ओले ब्रेक पकडत नाहीत. काही अंतर हळू जात, ब्रेक अलगद दाबून ते कोरडे करावेत.

येथे आपल्या व्रतांची आठवण होते. चार हात जमीन न्याहाळून, दिवसाच्या प्रकाशात, जीवांना जपत चालणे ही मुनिराजांची ईर्यासमिती. चातुर्मासात विहार थांबवणे हा त्यांचा नियम. श्रावकाने वाहन वापरले की आरंभी हिंसा आलीच. ती किती कमी करावयाची, एवढेच आपल्या हाती आहे. जुन्या जीपचे दिवे मंद, ब्रेक सावकाश पकडणारे, छप्पर गळके. म्हणजे जे मुनिराज संयमाने पाळतात, ते जुन्या जीपवाल्याने सुरक्षेसाठी तरी पाळावेच: पावसाळ्यात निघू नये आणि सूर्यास्तापूर्वी थांबावे. रात्रिभोजनत्याग करणाऱ्यांना हे अवघड नाही. एवढेच लक्षात असावे की मधुबन नागभीडच्या बरेच पूर्वेला आणि उत्तरेलाही असल्याने घड्याळ तेच राहूनही हिवाळ्यात तेथे सूर्य सुमारे अर्धा तास आधी मावळतो. मुक्कामाची वेळ रोज थोडी अलीकडे आणावी.

रात्रीचा रस्ता आपल्या जंगलात केवळ आपलाच नसतो. नागपूर–जबलपूर मार्गावर पेंच व्याघ्र प्रकल्पाच्या भागात वन्यजीवांसाठी नऊ ठिकाणी रस्त्याखालून वाट ठेवली आहे आणि वाघांसह अनेक प्राणी ती वापरतात. पण प्रत्येक रस्त्याला अशी वाट नाही. ब्रह्मपुरी, नवेगावच्या जंगलात संध्याकाळनंतर सांबर, रानडुक्कर केव्हा समोर येईल सांगता येत नाही. दिवसा गेलेला श्रावक त्याचा जीव आणि आपला, दोन्ही वाचवतो.

नातवंडांना आणखी एक सांगणे. फोर व्हील गिअर आहे म्हणून नदीपात्रात, ओढ्यात, माळावर गाडी फिरवून चिखल उडवण्याची हौस वाढत आहे. गरजेवाचून माती उकरणे, पाणी घुसळणे, हिरवळ तुडवणे याला आपल्या श्रावकाचारात प्रमादचर्या म्हटले आहे. तो अनर्थदंडाचाच प्रकार. आजोबा नाल्यातून जीप काढीत, कारण पलीकडे गाव होते आणि पूल नव्हता. पूल असताना नाल्यात उतरणे हे साहस नव्हे.

आता आजीबाईंचा प्रश्न. जुन्या जीपच्या मागच्या बाकांवर समोरासमोर बसावे लागते. तेथे ना पट्टा, ना पाठीला आधार. सप्टेंबर २०२२ मध्ये उद्योगपती सायरस मिस्त्री यांचा पालघरजवळ मृत्यू झाला, तेव्हा ते आधुनिक गाडीत मागे, पट्ट्याविना बसले होते. मग जीपच्या बाकाचे काय सांगावे? वृद्धांना आणि मुलांना या प्रवासात बसवू नये, हे माझे स्पष्ट मत आहे. पारसनाथ स्थानक गया–धनबाद लोहमार्गावर आहे आणि मधुबन तेथून मोटारीने तासाभराच्या आत गाठता येते. आजीबाईंनी घरच्या कोणासोबत रेल्वेने यावे. नातवाने दोन जाणत्या सोबत्यांसह जीप आणावी. आजोबांच्या जीपमध्ये बसण्याची त्यांची इच्छा स्थानक ते मधुबन या टप्प्यात, पुढच्या आसनावर आणि पट्टा लावून पुरी होऊ शकेल; त्यासाठी पट्टा आधीच बसवून घ्यावा.

वडिलांचा भंगाराचा आग्रहही चुकीचा नाही. चाचणी फेरीत सांगाडा गंजलेला निघाला किंवा ब्रेक भरवशाचे नसल्याचे दिसले, तर ममत्व बाजूला ठेवून जीप अधिकृत भंगार केंद्रात द्यावी. परिग्रहाची मर्यादा आठवणींनाही लागू होते. तपासणीत ती उतरली, तर मात्र केवळ वहीत किंमत उरली नाही म्हणून तिला मोडीत काढू नये.

मधुबनला पोहोचल्यावर जीप गिअरमध्ये ठेवून, हॅंडब्रेक ओढून, चाकामागे दगड लावून धर्मशाळेत उभी करावी. वीस तीर्थंकर जेथून मोक्षास गेले, त्या पर्वताची वंदना सुमारे २७ किलोमीटरची असून ती पहाटे पायीच आरंभावयाची असते. आजीबाईंसाठी डोलीची सोय आहे. वंदनेनंतर एक दिवस विश्रांती घ्यावी, चाकांचे नट पुन्हा आवळावेत, तेल-पाणी पाहावे आणि मगच परतीस निघावे.