एकच गोळी सगळ्या झडपांना?

हृदयाच्या झडपेचा आजार असेल तर ठोके कमी करायला इव्हाब्रॅडिनच द्या, मेटोप्रोलोल-एटेनोलोलसारखे बीटा-ब्लॉकर आता कालबाह्य झाले, असं वसईतल्या एका व्याख्यानात नुकतंच ठणकावून सांगण्यात आलं. आधार तीन: ही गोळी रक्तदाब पाडत नाही, दमेकऱ्याला चालते, आणि काही अभ्यासांत जुन्या गोळीच्या तोडीस तोड किंवा किंचित सरस ठरली. तिन्ही गोष्टी खऱ्या आहेत. त्यावरून काढलेला निष्कर्ष मात्र घातक आहे.

मुळात झडप कुठली, हे वक्त्यांनी विचारलंच नाही. महाधमनीची झडप तीव्र गळत असेल, तर ठोके मंदावल्यावर गळतीलाच जास्त वेळ मिळतो.

ठोके कमी करण्याचा खरा उपयोग मायट्रल झडप अरुंद झाल्यावर. आपल्याकडे तिचं प्रमुख कारण लहानपणचा सांधेवाताचा ताप. ठोके मिनिटाला 60 असताना एका ठोक्याला एक सेकंद मिळतो, 120 झाले की अर्धाच. आणि कात्री लागते ती मुख्यतः हृदयाच्या विश्रांतीला. नेमक्या त्याच वेळात रक्त अरुंद झडपेतून खाली उतरायचं असतं. ते तुंबतं, फुप्फुसांत दाब वाढतो, नालासोपाऱ्याचा पूल चढताना बाईला धाप लागते. पण हाच आजार डावा कर्णिका-कप्पा ताणत नेतो आणि काही वर्षांनी नाडी अनियमित होते, म्हणजे एट्रियल फिब्रिलेशन. इव्हाब्रॅडिन काम करतं फक्त सायनस नोडवर, म्हणजे ठोका सुरू करणाऱ्या गाठीवर. फिब्रिलेशनमध्ये ठोक्यांचा ताबाच त्या नोडकडे उरत नाही. वक्ते ज्या अभ्यासांवर उड्या मारतात, त्यांत रुग्ण थोडे होते, काळ काही आठवड्यांचा होता आणि नाडी नियमित होती. ज्या बाईची नाडी बिघडली, तिला या नव्या गोळीचा लाभ शून्य. बीटा-ब्लॉकर बंद करून ती दिली, तर लाभ शून्य आणि धोका पुरेपूर.

असाच उत्साह पूर्वी डिगॉक्सिनबद्दल होता. विदरिंगने 1785 साली फॉक्सग्लोव्हवर पुस्तक लिहिलं, तेव्हापासूनचं ते औषध. ते अनियमित नाडी बसल्या जागी आवरतं. जिना चढताना त्याची पकड सुटते. नाडी नियमित असेल तर अरुंद झडपेत त्याचा फारसा उपयोग नाही. तरी चिठ्ठ्यांवर ते सरसकट लिहिलं गेलं. तेव्हाचा वाद आज पुन्हा घालावा लागतो, याचा मला संताप येतो.

गरोदरपणात इव्हाब्रॅडिन निषिद्ध, हेही व्याख्यानात आलं नाही. आणि मायट्रल झडप अरुंद असल्याचं अनेकींना कळतं तेच गरोदरपणात.

मग करावं काय? आधी ईसीजी. नाडी नियमित आणि दमा किंवा कमी रक्तदाब असेल, तर इव्हाब्रॅडिन जरूर विचारात घ्या. एरवी बीटा-ब्लॉकर, गरोदर बाईला मेटोप्रोलोल. नाडी अनियमित असेल तर बीटा-ब्लॉकर किंवा डिल्टियाझेम, लागलं तर जोडीला डिगॉक्सिन, आणि गुठळी टाळायला वॉरफॅरिन. 2022 च्या इन्व्हिक्टस अभ्यासात या जुन्या वर्गातल्या औषधांनी नव्या रिव्हारॉक्साबॅनपेक्षा जास्त जीव वाचवले. नाडी रुग्णाला चालवून मोजा. सांधेवाताचा ताप उलटू नये म्हणून दिलेली पेनिसिलिनची इंजेक्शनं चुकू देऊ नका. आणि यांतली कुठलीही गोळी झडप रुंद करत नाही. झडप योग्य असेल तर ती फुग्याने उघडता येते. त्यासाठी विरारच्या रुग्णाला वेळेवर परळच्या मोठ्या रुग्णालयात धाडणं हे गोळी बदलण्याआधीचं काम आहे.