दोऱ्यावर टांगलेला जीव

बाळाच्या मनगटात आजी काळा दोरा बांधते, गालाला तीट लावते, त्याबद्दल आमची मुळीच तक्रार नाही. त्या दोऱ्यात मंत्र असो वा नसो, माया खचित असते. आणि मायेशी वाद घालण्याइतके आम्ही रुक्ष नाही. आमचे भांडण आहे ते दोऱ्याला वैद्याच्या आसनावर बसवणाऱ्यांशी.

दिवाळीच्या सुमारास कोकणात भाताची कापणी चालते. पेंढी उचलताना हाताला फुरसे डसते. लगेच कुणी तरी म्हणतो, "आधी मांत्रिकाकडे न्या, गंडा बांधू द्या. त्या वाडीतला अमका नाही का गंड्याने वाचला?"

वाचला असेल! अहो, आपल्याकडचे बहुतेक साप बिनविषारीच. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे हे चार मुख्य वैरी. आणि त्यांच्याही दंशात दर वेळी विष उतरतेच असे नाही. जे विष अंगात शिरलेच नव्हते, ते गंड्याने उतरवले! हा पराक्रम आमच्या घरचे मांजरही करून दाखवील. वाचलेले गावभर सांगत फिरतात; गेलेल्यांची साक्ष कोण काढणार? मांत्रिकाच्या वहीत जमा तेवढी असते, खर्चाचे पानच नसते.

खऱ्या विषावर उतारा प्रतिविषाचा, आणि तोही वेळेवर टोचलेला. घोड्याला थोडेथोडे विष टोचून त्याच्या रक्तातून ते काढतात. मुंबईच्या हाफकिन संस्थेचे नाव या कामी जुने आहे. घोडा माणसाला वाचवतो तो असा. दारावर ठोकलेल्या नालेने नव्हे!

साप, विंचू वा कुत्रा चावलेल्याला उपचारापासून रोखून गंडेदोरे करणे हा महाराष्ट्रात २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने गुन्हा ठरला. त्या कायद्यासाठी वर्षानुवर्षे झटलेल्या डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा त्याच वर्षी २० ऑगस्टला पुण्यात खून झाला. एवढे मोल देऊन आलेला कायदा; पण दंशानंतरची पहिली घटका पोलिसाच्या हाती नसते, घरच्यांच्या हाती असते.

तेव्हा वाचकहो, फराळाला सारे जमाल तेव्हा एवढे ठरवून टाका: साप चावला की रोग्याला धीर द्यायचा, चावलेला अवयव हलू द्यायचा नाही आणि थेट रुग्णालय गाठायचे. दोरा बांधायचाच असेल, तर माणूस घरी परतल्यावर आजीने बांधावा. सैलसर, आणि मायेने.