चंदिगडच्या रेषेवर पाणी किती?

चंदिगड समुद्रापासून फार दूर. पण ते ज्या अक्षांशावर वसले आहे, त्या सुमारे ३०.७ अंश उत्तर रेषेने पृथ्वीप्रदक्षिणा केली तर? तिबेट, चीन, मग अथांग पॅसिफिक. पुढे मेक्सिको, टेक्सास, अटलांटिक, मोरोक्को, इजिप्त, इराण, पाकिस्तान आणि पुन्हा चंदिगड! सुमारे ३४,५०० किलोमीटरच्या या वाटेत निम्म्याहून अधिक पाणीच आहे. दक्षिण गोलार्धात याच अंशावर तर पाचातले जवळजवळ चार हिस्से पाणी, आणि ६० अंश दक्षिणेवर जमीन नाहीच.

हे मोजायला ‘क्यूजीआयएस’सारखे मोफत सॉफ्टवेअर पुरते. पृथ्वीचे अक्षांशांनुसार पट्टे पाडून प्रत्येकातील जमिनीचे क्षेत्रफळ काढायचे. मात्र नकाशा क्षेत्रफळाचे खरे प्रमाण राखणारा हवा. भिंतीवरच्या अनेक नकाशांत ध्रुवांकडचे प्रदेश फुगलेले दिसतात. भारताहून लहान असलेला ग्रीनलंड त्यांत कितीतरी मोठा वाटतो.

या मोजणीचा उपयोग काय? जमीन लवकर तापते, लवकर निवते, पाणी सावकाश. चंदिगडचा कडक उन्हाळा आणि बोचरी थंडी यांचे एक कारण या हिशेबातच सापडते.