खेळातून जन्मली म्हणून कादंबरी बाटली?

व्हिडिओ गेमवरून लिहिलेल्या अद्भुतरम्य कादंबऱ्या वाचणारी पोरं आता सोलापुरातही भेटतात. त्या कादंबऱ्यांबद्दल दोन मतं हमखास कानावर येतात. वाचनालयात पेपर चाळणारे काका म्हणतात, "हे कसलं साहित्य? गेम खपवायची जाहिरात आहे ही." आणि रात्र रात्र गेम खेळणारा त्यांचा पुतण्या म्हणतो, "पुस्तक बोगस आहे. गेममध्ये असं नव्हतंच." चुलत्या-पुतण्याचं एरवी कशावरच जमत नाही. इथे मात्र दोघेही पुस्तकाचा जन्मदाखला तपासत बसतात.

काकांच्या म्हणण्यात तथ्य आहे, हे आधीच कबूल करतो. 'असॅसिन्स क्रीड : रेनेसान्स' ही 2009 सालची कादंबरी घ्या. लेखक म्हणून ऑलिव्हर बोडेन हे टोपणनाव, कथानक 'असॅसिन्स क्रीड' मालिकेतल्या दुसऱ्या गेमचं. फ्लॉरेन्सचा एझिओ एक कामगिरी संपवतो आणि पुढच्या कामगिरीला निघतो. खेळणाऱ्याने आधीच पार केलेल्या पायऱ्या लेखक पुन्हा मोजून दाखवतो. असं पुस्तक वाचून वाचक चिडला तर त्याला दोष कसा द्यायचा? पण हे पुस्तक फसलं ते लिहिण्यात. उसनं कथानक हाच गुन्हा म्हणाल तर आधी खांडेकरांना आरोपीच्या पिंजऱ्यात उभं करा. 1959 सालच्या 'ययाति'चं कथानक व्यासांच्या घरचं आहे आणि खांडेकरांना ज्ञानपीठ मिळालं तेव्हा कुणी व्यासांचा हिस्सा मागितला नाही.

"गोष्ट आधीच माहीत आहे, मग वाचायचं काय?" हा आणखी एक आक्षेप. सोलापूरकराने तरी तो घेऊ नये. इथले ग्रामदैवत सिद्धरामेश्वर, त्यांच्या योगदंडाशी कुंभारकन्येचं लग्न लागलं, ही गोष्ट इथल्या शेंबड्या पोरालाही पाठ आहे. तरी दर संक्रांतीला नंदीध्वज निघतात आणि संमती कट्ट्यावर अक्षता पडताना पाय ठेवायला जागा नसते.

आता मंडनाकडे येतो. गेमवरची कादंबरी करू काय शकते, ते ख्रिस्ती गोल्डनच्या 'आर्थस' (2009) या कादंबरीत दिसतं. 'वॉरक्राफ्ट थ्री' या 2002 सालच्या गेममध्ये स्ट्रॅथोम नावाचं शहर येतं. तिथल्या लोकांनी रोगट धान्य खाल्लंय, थोड्याच वेळात त्यांची चालती प्रेतं होणार आहेत. राजपुत्र आर्थस हुकूम देतो : आत्ताच कापून काढा. त्याचा गुरू उथर नकार देतो, त्याची प्रेयसी जेना पाठ फिरवून निघून जाते. गेममध्ये हे थोडक्यात दाखवतात आणि मग सुरू होते शर्यत. एका राक्षसाने शंभर जण पळवण्याआधी तुम्ही शंभर जण मारायचे. पडद्यावर आकडा पळत असतो आणि खेळणारा घामाघूम होऊन त्या आकड्यामागे पळतो. आपण नागरिकांची कत्तल करतोय, हे मनात यायला सवडच नसते. हरलात तर पुन्हा सुरू करा.

कादंबरीत पुन्हा सुरू करायची सोय नाही. गोल्डन आर्थसच्या बालपणापासून सुरुवात करते. बर्फात घोडा उधळवण्याचा हट्ट, एक चुकलेली उडी, मोडलेले पाय आणि त्या लाडक्या घोड्याला, 'इन्व्हिन्सिबल'ला, स्वतःच्या हाताने द्यावा लागलेला मृत्यू. स्ट्रॅथोमच्या वेशीशी पोचेपर्यंत वाचकाला कळून चुकलेलं असतं की हा मुलगा 'मारणं म्हणजेच दया' हा धडा फार लवकर आणि चुकीचा शिकलाय. गोल्डनची भाषा काही ठिकाणी भडक आहे, प्रेमप्रकरण तर मला पुठ्ठ्याचं वाटलं. पण मन उघडून दाखवण्याचं जे काम गेमला जमलं नाही, ते तिने केलं.

इथे पुतण्या म्हणणार, "पण मूळ गेममध्ये घोड्याचं एवढं कुठे होतं?" नसेना का! पुढे तोच इन्व्हिन्सिबल 'वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट'मध्ये दुर्मिळ बक्षीस झाला आणि हीच मंडळी त्याच्यासाठी जीव टाकू लागली. मुळाशी इमान राखायचं तर कोणत्या? शिवाजी सावंतांचं 'मृत्युंजय' आणि इरावती कर्व्यांचं 'युगान्त' दोन्ही 1967 सालची. कर्ण एकच, पण दोन पुस्तकांत एकमेकांना ओळख देणार नाही इतका वेगळा. मराठी वाचकाने दोघांनाही घरात घेतलं.

तिसरं मत शिक्षकांचं : "असू दे, निदान मोबाईल सोडून पुस्तक तर हातात धरलं." एवढीच दाद द्यायची असेल तर नापसंती परवडली.

आणि जन्मदाखलाच हवा असेल तर तोही नीट बघावा. पोलंडच्या सापकोव्स्कीची पहिली 'विचर' कथा 1986 ची, गेम 2007 चा. तरी 'गेमवरून पुस्तक काढलं' म्हणून त्याला नाकं मुरडणारे आहेतच.

माझी खरी तक्रार वेगळी आहे : आपल्या मातीतल्या गेमवरून आपण कादंबऱ्या का लिहीत नाही? पुण्यातल्या नॉडिंग हेड्स गेम्सने 2020 साली 'राजी' हा गेम आणला. डोंबाऱ्याच्या कसरती करणारी पोर, पळवून नेलेला धाकटा भाऊ गोलू, समोर महाबलासुर आणि वरून गोष्ट सांगणारे दुर्गा नि विष्णू. मधले प्रसंग छायाबाहुल्यांच्या खेळासारखे दाखवलेत. बहीण येईपर्यंत त्या गोलूने काय काय सोसलं असेल? हे लिहायला पोलंड-अमेरिकेच्या कंपनीच्या पाया पडायला नको. परवानगी मागायला इथून पुण्याची गाडी पकडली की झालं.