लिमुझँमधलं घर आणि लेकीचा हिस्सा

फ्रान्स म्हटलं की आपल्याकडे पॅरिस, आयफेल टॉवर आणि हिजाबवरून होणारे वाद एवढंच डोळ्यासमोर येतं. खेड्यातला फ्रान्स फारसा कुणाला माहीत नसतो. मला तो माहीत झाला इंग्लंडात स्थायिक झालेल्या माझ्या मामेभावामुळे. निवृत्तीनंतर राहायला त्याला फ्रान्समध्ये जुनं दगडी घर हवं होतं. त्याच्या फोनवरच्या चौकशा ऐकता ऐकता मीही वाचू लागलो. वाचलं ते फक्त घराच्या किमतीपुरतं उरलं नाही, म्हणून हा लेख.

मध्य फ्रान्समध्ये लिमुझँ नावाचा प्रदेश आहे. 2016 पासून तो नूवेल-अकितेन या मोठ्या प्रशासकीय विभागात गेला, पण लोकांच्या तोंडी जुनंच नाव आहे. त्यातला क्रझ जिल्हा म्हणजे ग्रॅनाइटची घरं, गायींची कुरणं, ओबुसाँचे गालिचे आणि ओसाड गल्ल्या. 1851 साली इथे 2 लाख 87 हजारांच्या आसपास लोक होते. आज सव्वा लाखही नाहीत. इथले पुरुष गवंडीकामासाठी पायी पॅरिसला जात, हिवाळ्यात घरी परतत. पुढे परतणं थांबलं. मार्तँ नादो हा त्यांच्यातलाच एक गवंडी, जो 1849 साली संसदेत निवडून गेला. चाकरमान्यांच्या आणि आखातातल्या पैशावर उभ्या राहिलेल्या कोकणातल्या माणसाला ही कथा वेगळी समजावून सांगावी लागत नाही. बंद दाराची घरं आपल्या मोहल्ल्यातही आहेत.

या रिकाम्या घरांनी इंग्रजांना ओढून आणलं. इंग्लंडात गॅरेज येईल एवढ्या पैशांत इथे बागेसकट घर मिळतं. पण ऑगस्टमध्ये सुट्टीला जाणं वेगळं आणि फेब्रुवारीत राहणं वेगळं. गाडीशिवाय पान हलत नाही. गावचा डॉक्टर निवृत्त झाला की नवा येत नाही. आपल्या माणसाला हलाल मटण आणि जुम्याची नमाज यांचाही विचार करावा लागतो. तरी बूरगानफसारख्या चिमुकल्या गावात जंगलकामासाठी आलेली तुर्की कुटुंबं वर्षानुवर्षं राहतात. म्हणजे मुसलमान तिथे फक्त शहरांच्या कडेलाच असतात, हाही एक गैरसमजच. ब्रेक्झिटनंतर ब्रिटिश पासपोर्टवाल्याला व्हिसाशिवाय 180 दिवसांत 90 दिवसच राहता येतं. घर नावावर असलं तरी राहण्याचा हक्क त्यासोबत मिळत नाही. आणि दुसऱ्या घरावर तो राहणीकर अजून भरावा लागतो, जो मुख्य घरापुरता 2023 पासून रद्द झाला.

खरेदीची रीत मात्र शिकण्यासारखी. आधी प्राथमिक करार होतो, त्यानंतर खरेदीदाराला फेरविचारासाठी 10 दिवस मिळतात. शिसं, अॅस्बेस्टॉस, विजेची जोडणी, संडासाची टाकी यांचे तपासणी अहवाल विकणाऱ्याने द्यायचे. शेतजमीन असेल तर ‘साफेर’ ही संस्था आपला अग्रहक्क वापरून ती शेतकऱ्यासाठी घेऊ शकते. शेवटचं खरेदीखत ‘नोतेर’समोर होतं. नोतेर म्हणजे आपला स्टॅम्प मारणारा नोटरी नव्हे. तो सरकारने नेमलेला कायदेतज्ज्ञ असतो आणि दस्ताची जबाबदारी त्याच्यावर असते. जुन्या घरावर त्याचं शुल्क आणि कर मिळून किमतीच्या 7-8 टक्के जातात.

माझ्या मामेभावाचा हात आखडला तो या नोतेरच्याच एका प्रश्नावर: तुमच्या पश्चात घर कुणाला?

फ्रान्सच्या 1804 च्या नागरी संहितेपासून मुलांचा वाटा राखीव आहे. एक मूल असेल तर मालमत्तेचा अर्धा भाग, दोन असतील तर दोन तृतीयांश, तीन किंवा जास्त असतील तर तीन चतुर्थांश. उरलेल्याचीच वसीयत करता येते. मुलगा-मुलगी भेद नाही. इंग्लंडच्या कायद्यात मुलांसाठी असा राखीव वाटा नाही. 2015 पासून युरोपीय नियमाने परदेशी मालकाला स्वतःच्या देशाचा कायदा निवडण्याची मुभा मिळाली, आणि पुष्कळ ब्रिटिशांनी ती वापरली.

मग ऑगस्ट 2021 मध्ये फ्रान्सने ‘प्रजासत्ताकाच्या तत्त्वांचा आदर’ या नावाने कायदा केला. त्यातल्या एका कलमाने ठरवलं, की परदेशी कायदा मुलांना राखीव वाटा देत नसेल, तर वंचित मूल फ्रान्समधल्या मालमत्तेतून तेवढी भरपाई घेऊ शकेल. मृत व्यक्ती किंवा तिचं एखादं मूल युरोपीय संघाचं नागरिक किंवा रहिवासी असलं की पुरे. कारण सांगितलं गेलं मुलींच्या रक्षणाचं, आणि रोख कुणाकडे होता हे तिथल्या वादचर्चेत लपलेलं नव्हतं. गंमत अशी की फटका बसला तो खेड्यात घरं घेतलेल्या ब्रिटिश पेन्शनरांना! इस्लामी कायद्यात तर वसीयत एक तृतीयांशाच्या पुढे जात नाही. दोन मुलं असलेल्या फ्रेंच बापाच्या हातातही नेमकं तेवढंच उरतं.

फरक आहे, तो मी झाकणार नाही. आपल्याकडे मुलीचा वाटा भावाच्या निम्मा आहे, तिथे बरोबरीचा. त्या कायद्यामागचा संशय मला मान्य नाही. पण ‘आम्हाला बदनाम करतात’ एवढं म्हणून आपण सुटत नाही. प्रश्न असा आहे, की निम्मा तरी आपण देतो का?

आपल्या गावांत काय चालतं? बाप गेला की वारस नोंदीच्या वेळी बहिणींकडून हक्कसोडपत्रावर सह्या घेतल्या जातात. ‘माहेर तुटू द्यायचं नसेल तर सही कर,’ हे कुणी मोठ्याने म्हणत नाही, म्हणायची गरजच पडत नाही. सूरह निसामध्ये हिस्से ठरवून दिलेले असताना ते ‘भावासाठी माफ’ करून घेतले जातात. हा शरीयतचाही कायदा नाही आणि फ्रान्सचाही नाही.

2021 च्या त्याच कायद्यात आणखी एक तरतूद आहे. वारसाच्या राखीव हक्काला धक्का बसतोय असं दिसलं, तर नोतेरने त्या वारसाला वैयक्तिकरीत्या कळवायचं. एकेकाला, वेगवेगळं. मला ही ओळ सगळ्यात मोलाची वाटते. आपल्या जमातींना हे उद्यापासून करता येईल, त्यासाठी संसद लागत नाही. हक्कसोडपत्राआधी जमातीच्या एखाद्या जाणत्या बाईने त्या बहिणीला एकटीला बसवावं, भाऊ आणि नवरा दोघेही बाहेर असताना तिचा हिस्सा किती, आजच्या भावाने त्याची किंमत किती, हे आकड्यात सांगावं. त्यानंतरही तिने सोडला तर ती तिची मर्जी. न सांगता घेतलेली सही ही माफी नव्हे.