जपानी सुरी व तिची धार

आमच्या सुशिक्षित घरांतून एक चमत्कारिक प्रघात पडत चालला आहे. जपानांत गेलेल्या मुलाकडून किंवा भाच्याकडून उत्तम सुरी आणवावी, पाहुण्यांस ती कौतुकानें दाखवावी, आणि वर्षाच्या आंत ती बोथट झाली कीं दारावरून जाणाऱ्या धारवाल्याच्या चाकास ती लावावी! चाक फिरतें, ठिणग्या उडतात, आणि पांच मिनिटांत हजारों रुपयांच्या पोलादाची माती होते. मग दोष कोणाचा? तर त्या धारवाल्याचा! हा न्याय आम्हांस मुळींच मान्य नाहीं. त्याचें चाक विळीसाठीं व कातरीसाठीं आहे, आणि तें काम तो चोख करतो. जें हत्यार त्यानें जन्मांत पाहिलें नाहीं, तें त्याच्या हातीं देणारा मालक शहाणा कसा?

हें हत्यार आहे तरी कसें? ओसाकाजवळील साकाई शहर हें या धंद्याचें जुनें पीठ. तेथें पातें घडविणारा एक, त्यास धार लावणारा दुसरा आणि मूठ बसविणारा तिसरा, अशी कामाची वांटणी पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे. जुन्या पद्धतीच्या घडीव सुरींत धारेचें पोलाद शेंकडा एकाहून अधिक कर्ब असलेलें, आणि त्यास मऊ लोखंडाचा आधार जोडलेला. रॉकवेल मापानें जर्मन सुरीचा कठिणपणा साधारण ५६ ते ५८ भरतो. या सुरीचा ६० च्या वर जातो. म्हणूनच तिची धार पातळ ठेवतां येते, आणि म्हणूनच ती नारळावर मारली तर वांकत नाहीं, तिचा कपचा उडतो. असें पोलाद विझविल्यावर पुन्हां बेताच्याच उष्णतेवर, बहुधा २०० अंशांच्या आंत, मुरविलेलें असतें. कोरड्या वेगवान चाकावर धारेची कड याहून कितीतरी अधिक तापते. कड निळी दिसली म्हणजे उष्णता ३०० अंशांच्या आसपास गेली व पात्याचें पाणी उतरलें असें समजावें. मौज अशी कीं, तो निळा डाग चाकाच्या पुढच्याच फेऱ्यांत पुसला जातो. सुरी घरीं येते ती लखलखीत, आणि आठवड्यांत पुन्हां बोथट!

‘आम्ही चाकास देत नाहीं, खांचेंतून ओढावयाचें यंत्र घेतलें आहे,’ असें कांहीं गृहस्थ अभिमानानें सांगतात. त्या यंत्राचे कठीण दांते पात्याची धार ओरबाडतात, इतकेंच. शहरांतील एका मोठ्या दुकानांत आम्हीं चौकशी केली, तेव्हां ‘त्यापेक्षां नवीच घ्या ना!’ असा सल्ला मिळाला. वस्तु विकणारास तिची निगा ठाऊक नसावी, आणि त्याची त्यास लाजहि वाटूं नये!

वास्तविक उपाय साधा आहे. १००० प्रतीचा पाणदगड आणावा. दगड भिजवावयाचा असेल तर तो पाण्यांत मुरूं द्यावा. पातें दगडाशीं सुमारें १५ अंशांचा कोन करून, तो न बदलतां, सावकाश मागेंपुढें न्यावें. उलट अंगास बोटाला बारीक खरखर लागली कीं बाजू पालटावी. मागाहून ३००० किंवा ६००० प्रतीचा दगड फिरविला तर उत्तमच. मासे कापण्याच्या एकधारी सुरीची मागची बाजू किंचित् खोलगट असते; ती दगडावर सपाट टेंकवावयाची, उचलावयाची नाहीं. ही बाजू चाकानें खाल्ली तर ती पूर्ववत् करणें फार कठीण.

‘पण वेळ कोठें आहे?’ दोनतीन महिन्यांतून अर्धा तास ज्यांस मिळत नाहीं, त्यांस तीच सुरी पाहुण्यांस दाखवावयास मात्र वेळ मिळतो. खरें कारण निराळें आहे. धार लावणें हें हलकें काम, तें दारावरच्या माणसाचें, ही आमची जुनी समजूत पदव्या घेऊनहि गेलेली नाहीं. जपान सरकारनें १९८२ सालीं साकाईच्या घडीव हत्यारांस पारंपरिक कला म्हणून मान्यता दिली. ‘पारंपरिक कारागीर’ ही पदवी तेथें पातें घडविणाराप्रमाणें धार लावणारासहि मिळते. आम्ही मात्र पात्यावरचें घडविणाराचें नांव जाणत्यांकडून वाचवून घेतों, आणि धार लावणाराशीं दोन रुपयांसाठीं घासाघीस करतों.

ज्यांस दगडास हात लावावयाचा नसेल त्यांनीं खुशाल विळी वापरावी. हें आम्ही उपहासानें म्हणत नाहीं. विळी हें उत्तम हत्यार आहे, आणि तिचा धारवाला दारावरून जातोच.