'बसून पगार' घेणाऱ्यांची बाजू

"त्यांना काय काम असतं हो? बसून तर पगार घेतात!" नोकरी आपली नसली की हे वाक्य कोणीही कोणाहीबद्दल खुशाल बोलतो. मास्तरांना काय, पाच तास. रेल्वेच्या फाटकवाल्याला काय, बाकावर पडून राहायचं. कंडक्टरला काय, गाडी लागेपर्यंत चहा. आणि आशाताई? चार घरं हिंडली की झालं. बोलणारे गृहस्थ स्वतः ऑफिसात साहेब मीटिंगला येईपर्यंत तासभर खोळंबतात आणि तो तास बिनदिक्कत कामात धरतात, ही गंमत वेगळी.

पण पूर्वपक्ष टवाळीवारी उडवून लावण्याइतका पोकळ नाही. त्याचं म्हणणं असं: हात किंवा डोकं चालू असेल तेवढा वेळ काम, बाकी विश्रांती, आणि विश्रांतीचे पैसे करदात्याने का मोजावेत? हे म्हणणं पारावर जन्मलेलं नाही, कायद्यातही ते मुरलेलं आहे. 1989 च्या रेल्वे अधिनियमात कर्मचाऱ्यांची कामाच्या स्वरूपावरून वर्गवारी आहे. अतिशय ताणाचं काम असेल तर आठवड्याला सरासरी 45 तास, सलग चालणारं असेल तर 54, आणि मुख्यतः अधूनमधून चालणारं असेल तर 75. या शेवटच्या वर्गात जायला पाळीतला निम्मा किंवा त्याहून अधिक वेळ असा असावा लागतो, की माणूस कामावर आहे, पण त्याला ना अंगमेहनत करायची आहे ना सतत लक्ष ठेवायचं आहे. कमी वर्दळीच्या फाटकांवर बारा-बारा तासांची पाळी लागत आली ती याच हिशोबाने.

आता ते फाटक जवळून पाहू. स्टेशन मास्तरांचा फोन येतो, गाडी सुटत असल्याचं कळतं, निरोप पक्का झाल्याची खूण म्हणून दोघांमध्ये खासगी क्रमांकाची देवाणघेवाण होते, तो वहीत वेळेसकट चढतो. मग फाटक पाडायचं. तेवढ्यात एक मोटारसायकलवाला मान वाकवून खालून निघतो, मागचा ट्रॅक्टरवाला हॉर्नवर हात ठेवून बसतो आणि कोणीतरी "अजून गाडी दिसत पण नाही" म्हणून वाद घालतो. गाडी आली की झेंडी घेऊन उभं राहायचं आणि गाडीचं काही लोंबतंय का, कुठून धूर येतोय का, हे शेवटच्या डब्यापर्यंत बघायचं. पुढची गाडी येईपर्यंत मग शांतता. या शांततेला पूर्वपक्ष विश्रांती म्हणतो. मला एवढंच विचारायचं आहे: या वेळात तो माणूस बाजारातून भाजी आणू शकतो का? पोराला दवाखान्यात नेऊ शकतो का? त्याचा डोळा लागला आणि फोन वाजून गेला, तर चौकशी कोणाची होईल? जिथे डुलकी हा गुन्हा ठरतो, तिथे 'सतत लक्ष लागत नाही' हे कागदावर लिहायला फार धाडस लागतं.

एसटीकडे पाहिलं तर कायद्यालाच शहाणपण सुचल्याचं दिसतं. 1961 साली मोटार परिवहन कामगारांसाठी कायदा झाला आणि तो 2025 पर्यंत लागू होता. त्यात कामाच्या तासांची व्याख्या गाडी धावण्याशी बांधलेली नव्हती. कामगार मालकाच्या दिमतीला आहे तो वेळ कामाचा, असं ती म्हणायची. हिशोब देणं, कॅश भरणं, रजिस्टरवर सही करणं, गाडी ताब्यात घेणं हे सगळं त्यात आलं. पण इथेही एक मेख मारून ठेवली. शेवटच्या थांब्यावरचं नुसतं ताटकळणं पंधरा मिनिटांच्या आत असेल तर ते आपसूक कामात मोजायचं, त्यापुढच्या ताटकळण्याला ती हमी नव्हती. आणि पाळीची सुरुवात ते शेवट हा पसारा बारा तासांपर्यंत ताणायला मुभा. म्हणजे आठ तास काम आणि बारा तास घराबाहेर, हे कायद्यात बसत होतं.

कंडक्टरचा दिवस आगारात सुरू होतो तो तिकिटाचं मशीन, वेबिल आणि सुट्टे पैसे घेण्यापासून. 2022 पासून पंचाहत्तरीपुढच्यांना मोफत प्रवास आणि 2023 पासून महिलांना अर्धं तिकीट. निर्णय चांगलेच आहेत. पण आजोबांचं आधार कार्ड पाहायचं, त्यावरचं जन्मवर्ष वाचायचं, भरल्या गाडीत हे उभ्या उभ्या करायचं, आणि त्या अर्ध्या तिकिटापायी वाढलेल्या सुट्ट्या पैशांची भांडणं मिटवायची, हे कोणाच्या वेळापत्रकात आहे? संध्याकाळी गाडी मुक्कामाच्या गावी पोचते. तिथे ड्रायव्हर-कंडक्टर गाडीतच नाहीतर मिळेल त्या ओसरीवर पथारी टाकतात आणि पहाटे पहिली गाडी काढतात. ती रात्र त्यांची की महामंडळाची? भत्ता मिळतो, मान्य. पण हिशोबाच्या कागदावर ती विश्रांतीच असते.

आशाताईंकडे तर पाळीच नाही. 2005 साली राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियान सुरू झालं तेव्हा त्यांना स्वयंसेविका ठरवलं आणि मोबदला कामागणिक बांधला. दवाखान्यात बाळंतीण झालेल्या बाईच्या घरी तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी जायचं. या सहा भेटींचे मिळून ठरले 250 रुपये. भागाकार केला तर एका भेटीला बेचाळीस रुपयेही पडत नाहीत. भेटीत बाळाचं वजन, ताप, श्वास पाहून फॉर्म भरायचा, हे झालं काम. पण सुनेला दवाखान्यात पाठवायचं की नाही यावर सासूबाईंशी घातलेला वाद, रात्री दीड वाजता आलेला फोन, रुग्णवाहिकेची वाट पाहत रस्त्यावर काढलेला वेळ, यांना फॉर्ममध्ये रकानाच नाही.

मास्तरांबद्दल थोडक्यात सांगून टाकतो. 2009 च्या शिक्षण हक्क कायद्याने शिक्षकाचा आठवडा किमान 45 तासांचा ठरवला आणि त्यात पाठाची तयारी धरली. पाच तासांचा हिशोब करणाऱ्यांनी ते परिशिष्ट वाचलेलं नसतं.

यावर एक बिनतोड वाटणारा आक्षेप येतो. बसणंही मोजायचं तर रात्रभर घोरणाऱ्या वॉचमनलाही पूर्ण दाम द्यायचा का? माझी कसोटी घोरण्याची नाहीच. मालकाला न विचारता माणूस तिथून उठून जाऊ शकतो का, एवढंच बघायचं. जाऊ शकत असेल तर वेळ त्याचा. नसेल तर तो कामावर आहे, मग हात चालू असोत की घडी घातलेले. झोपणाऱ्यावर कारवाई करा की, कोण अडवतंय? पण कारवाई करायची ती 'कामावर झोपला' म्हणून, आणि पगाराच्या वेळी तोच वेळ कामाचा नव्हता म्हणायचं, हे दोन्ही एकदम चालणार नाही.

सप्टेंबर 2025 मध्ये राज्य मंत्रिमंडळाने कारखान्यांतली दिवसाची कामाची मर्यादा नऊवरून बारा तासांवर नेण्यास मान्यता दिली. त्यावर पुष्कळ बोललं गेलं, पण सगळं यंत्रापाशी उभं राहण्याच्या तासांबद्दल. अडकून पडलेल्या तासांचं नाव कोणी काढलं नाही. माझी मागणी साधी आहे. प्रत्येक ड्युटी चार्टवर दोन रकाने ठेवा, एक राबण्याचा आणि एक अडकून राहण्याचा. दुसऱ्याला दर कमी लावा, वाटाघाटी करा, हवं तर अर्धा द्या. तिजोरीची अडचण मलाही कळते. शून्यच द्यायचा असेल, तर मग मुक्कामी गाडीच्या ड्रायव्हर-कंडक्टरला रात्री गाडी लावून घरी जाऊ द्या. पहाटेची फेरी कोण काढणार, ते आगाराने बघावं.